परातीतल्या पाण्याने अळंबीची खोली ओली होत नाही : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

होळी उलटली की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगडपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर दरवर्षी एक संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘धिंगरी (ऑयस्टर) अळंबी घेणाऱ्यांनी आर्द्रतेच्या यंत्रांवर पैसे घालवू नयेत. खोलीत पाण्याने भरलेल्या दोन मोठ्या पराती ठेवाव्यात, कोपऱ्यांत ओली पोती टांगावीत, झरोके आणि पंखा बंद ठेवून ओल आतच कोंडावी, दिवसातून जमेल तितक्या वेळा फवारणी करावी आणि घाई असेल तर शेगडीवर पाणी उकळत ठेवावे. आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाते. आर्द्रता जितकी जास्त तितके उत्पन्न जास्त. विश्वास नसेल तर बाजारातला स्वस्त मापक लावून खात्री करून घ्यावी.’ हा सल्ला कोणी वाईट हेतूने दिला असेल असे मला वाटत नाही, आणि त्यातला एक भाग, जागा बदलली तर, खरोखर उपयोगाचा आहे. बाकीचा भाग मात्र चुकीच्या समजुतीवर उभा आहे आणि त्याने दर उन्हाळ्यात बेड, म्हणजे भाताचे पिंजर (काड) आणि अळंबीचे बियाणे भरलेल्या पिशव्या, वाया जातात.

माझी खोली खानापूर रस्त्यालगतच्या एका गावात, कौलारू घराच्या मागच्या बाजूला आहे. लांबी ४ मीटर, रुंदी ३ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे आतली हवा ३६ घनमीटर. खालच्या बाजूने हवा आत येण्यासाठी जाळी लावलेला झरोका आणि समोरच्या भिंतीत वर एक लहान एक्झॉस्ट पंखा, एवढीच व्यवस्था. पहिल्या उन्हाळ्यात मीही हाच सल्ला जसाच्या तसा पाळला होता. बेडवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या भरपूर आल्या आणि दोन दिवसांत तपकिरी होऊन वाळल्या. परातींतले पाणी मात्र जवळजवळ जसेच्या तसे होते. संध्याकाळी परात उचलताना ते हिंदकळून पायावर सांडले, तेव्हा खरे तर मला शंका यायला हवी होती, कारण परातीत राहिलेले पाणी हवेत गेलेले नसते. ही साधी गोष्ट समजायला मला आणखी एक हंगाम लागला.

मुद्द्यांकडे वळण्यापूर्वी आर्द्रतेच्या टक्क्याचा अर्थ नीट लावून घ्यायला हवा, कारण संदेशातल्या बहुतेक चुका त्याच गोंधळातून निघतात. आपण ज्याला आर्द्रता म्हणतो ती सापेक्ष असते. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात हवेत आहे, एवढेच तो आकडा सांगतो. एक घनमीटर हवा २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम, २५ अंशांना २३ ग्रॅम आणि ३५ अंशांना जवळपास ४० ग्रॅम वाफ धरते. आता चैत्रातल्या दुपारी बाहेर ३५ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असेल, तर दर घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम पाणी आहे. त्याच दिवशी पहाटे २० अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे १४ ग्रॅम आहे. टक्क्यांत पाहिले तर फरक तिपटीहून अधिक दिसतो, पाण्यात मोजला तर फक्त ४ ग्रॅमचा. निपाणीकडे तंबाखूची वाळलेली पाने पहाटेच्या ओलीत का हाताळतात आणि दुपारी तीच पाने बोटांत चुरा का होतात, याचे उत्तर ह्या आकड्यांत आहे. हवेतले पाणी फारसे कमी झालेले नसते. तापलेली हवा पानातले पाणी ओढू लागते.

यातून पहिली उपयोगाची गोष्ट निघते, जिचा संदेशात उल्लेखही नाही. बाहेरची ३५ अंशांची, २५ टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन २५ अंशांपर्यंत थंड झाली, तर पाण्याचा एक थेंबही न घालता तिची आर्द्रता सुमारे ४४ टक्के होते. म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर उसाच्या पाल्याची किंवा शेडनेटची सावली करणे आणि कौलांखाली गवताचा थर देणे ही आर्द्रता वाढवण्याचीच कामे आहेत. नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये कितीही पाणी ओतले तरी दुपारी ते अपुरेच पडते. पत्रा एकीकडून हवा तापवत राहतो आणि आपण दुसरीकडून तिची वाढलेली तहान भागवत बसतो.

आता पराती. खोली पूर्ण बंद असेल, तर ४४ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर जाण्यासाठी दर घनमीटरमागे सुमारे साडेनऊ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने हवेत जावे लागते. ३६ घनमीटरच्या खोलीला ते जेमतेम ३४० ग्रॅम होते, म्हणजे अर्धा तांब्यासुद्धा नाही. संदेश लिहिणाऱ्याच्या मनात हेच चित्र असावे : एवढेसे पाणी हवे, मग परातभर ठेवले की पुष्कळ झाले. पण अळंबीची खोली बंद नसते, ती तशी ठेवता येत नाही, त्याची कारणे पुढे येतीलच. तासाला चार वेळा आतली सगळी हवा बदलते असे धरले, आणि फळे धरण्याच्या काळात हे प्रमाण अजिबात अती नाही, तर दर तासाला १४४ घनमीटर कोरडी हवा आत येते आणि तितकीच ओली हवा बाहेर जाते. त्या हवेला ८५ टक्क्यांवर ठेवायचे, तर दर तासाला सुमारे १.३५ लीटर पाणी वाफ होऊन मिसळावे लागते. बारा तासांचे ते सोळा लीटर होते. अर्धा तांब्या आणि सोळा लीटर यांत जे अंतर आहे, तेच बंद डबा आणि वाहती हवा यांतले अंतर आहे. हवेशीर खोलीत आर्द्रता ही साठवून ठेवायची वस्तू नसते, तिची सतत आवक आणि सतत जावक चालू असते, आणि खर्च रोजचा असेल तर मिळकतही रोजची असावी लागते.

ही आवक दोन पराती पुरवतील काय? स्थिर हवेत उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून किती पाणी उडते, याचे अभियंते वापरतात ते ढोबळ सूत्र लावून पाहावे. खोलीत २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एक चौरस मीटर पृष्ठभागावरून तासाला ८० ग्रॅमच्या आतबाहेर पाणी उडते. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या परातीचा पृष्ठभाग एक चौरस मीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढाही नाही. म्हणजे एका परातीतून तासाला बाराएक ग्रॅम, दोघींतून पंचवीस. लागतात साडेतेराशे. खोलीची संपूर्ण १२ चौरस मीटर जमीन पाण्याखाली घातली, तरी हिशेब पुरा होत नाही, त्यासाठी सतरा-अठरा चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. हवा कोरडी असते तेव्हा पाणी जास्त वेगाने उडते, हे खरे. पण जसजशी आर्द्रता वाढते तसतसा तो वेग मंदावतो, त्यामुळे परात जिथे मदतीची सर्वांत जास्त गरज असते तिथेच हात आखडता घेते. शिवाय उडणारे पाणी उरलेल्या पाण्याला थंड करते आणि थंड पाणी आणखी हळू उडते. सगळे जमेस धरून दोन परातींचा परिणाम मी काढला, तर ४४ टक्क्यांची आर्द्रता फार तर ४६ किंवा ४७ टक्क्यांपर्यंत जाते. स्वस्त मापकाची स्वतःची चूकच याहून मोठी असते.

मग काही लोकांना परात ठेवून ९० टक्के दिसतात, ते खोटे बोलतात काय? तसे नाही. त्यांच्या अनुभवामागे बहुधा तीनपैकी एक कारण असते. पहिले म्हणजे मापक परातीच्या शेजारीच ठेवलेला असतो, आणि पाण्याला लागून असलेल्या हवेच्या पातळ थरात आर्द्रता नेहमीच जास्त असते. दुसरे, खोली बंद असते आणि ओल परातीपेक्षा बेडमधूनच अधिक आलेली असते. तिसरे कारण आपल्या भागाला विशेष लागू आहे. कणकुंबी-जांबोटीच्या घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात बाहेरची हवाच इतकी भिजलेली असते की परातीच्या जागी विटा ठेवल्या असत्या तरी मापकाने तोच आकडा दाखवला असता. तिथे पावसाळ्यात यशस्वी ठरलेला प्रयोग अथणीच्या कोरड्या माळावर चैत्रात वाचला जातो आणि वाचणारा आपल्या नशिबाला दोष देतो. एकाच जिल्ह्यात, एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात, हवेची इतकी टोके असताना ‘अमुक केले की ९० टक्के’ असे कोणतेही विधान, महिना आणि गाव सांगितल्याशिवाय, संशयानेच वाचावे.

पोत्यांचा मुद्दा वेगळा आहे, आणि इथे संदेशाला निम्मे गुण द्यायला हवेत. ओले गोणपाट हे परातीपेक्षा फार चांगले साधन आहे, कारण त्याला दोन बाजू असतात, त्याचे धागे पाणी वर ओढतात आणि तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक ओला पृष्ठभाग मिळतो. चूक आहे ती कोपऱ्यात टांगण्याची. कोपऱ्यातली हवा हलत नाही, ती पोत्याभोवती भिजून तिथेच थांबते आणि पोत्याचे काम बंद पडते. तेच पोते हवा आत येणाऱ्या झरोक्यासमोर, सगळी हवा त्याच्या अंगावरून आणि आतून जाईल असे ताणून बसवले आणि वरून नळीने थेंब-थेंब पाणी सोडत राहिले, तर चित्र पालटते. ३५ अंशांची कोरडी हवा सेकंदाला मीटरभर वेगाने त्यावरून जात असेल, तर एक चौरस मीटरचे पोते तासाला अर्धा लीटर किंवा त्याहून थोडे अधिक पाणी हवेत सोडते, आणि एकामागे एक अशी दोन-तीन पोती लावली तर आपल्या गरजेचा मोठा हिस्सा तिथेच भागतो. वाळ्याचे पडदे लावणाऱ्या जुन्या घरांना हे ठाऊकच होते. पॉलिहाउसमध्ये पॅड आणि पंख्याची जोडी बसवतात, तीही याच तत्त्वावर चालते.

यात आणखी एक फायदा फुकट मिळतो. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. तासाला १.३५ लीटर पाणी हवेत मिसळले, तर जवळजवळ एक किलोवॉटच्या हीटरइतकी उष्णता उलट दिशेने, म्हणजे खोलीतून, काढली जाते. ३५ अंशांची, २५ टक्के आर्द्रतेची हवा चांगल्या ओल्या पडद्यातून आली तर २४ अंशांच्या आसपास आत येते आणि तिची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या जवळ पोहोचलेली असते. उरलेले दहा टक्के मात्र या पडद्याने मिळत नाहीत. पडद्यातून येणारी हवा एका मर्यादेपलीकडे पाणी घेऊच शकत नाही, आणि खोलीच्या भिंतींमुळे ती पुन्हा थोडी तापते. तेवढ्यासाठी धुक्याचे यंत्र लागते. पण सगळे ओझे यंत्रावर टाकणे आणि शेवटची भर तेवढी त्याच्याकडून घेणे, यांत विजेचा, पाण्याचा आणि यंत्राच्या आयुष्याचा मोठा फरक पडतो. पोती दर आठवड्याला उतरवून चुन्याच्या निवळीत उकळून कडक उन्हात वाळवावीत. तसे केले नाही तर पंधरा दिवसांत त्यांवर हिरवी बुरशी धरते, आणि झरोक्यातच बसलेली बुरशी आपले बीजाणू वाऱ्याबरोबर थेट बेडवर पाठवते.

झरोके आणि पंखा बंद ठेवण्याचा सल्ला मला या संदेशातला सर्वांत घातक भाग वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. अळंबी ही वनस्पती नव्हे. ती आपल्यासारखाच श्वास घेते, प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. भाताच्या पिंजरात वाढणारे तिचे पांढरे जाळे दिवसरात्र हेच काम करत असते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत ४२० भागांच्या थोडे वर आहे. धिंगरीची छत्री नीट उमलायची तर खोलीतले प्रमाण हजाराच्या खाली असावे लागते. ते वाढले की देठ लांबत जातात आणि छत्र्या लहान राहतात, फार वाढले तर छत्री धरतच नाही, नुसती पोवळ्यासारखी फांद्याफांद्यांची गुंतवळ तयार होते. असा माल बाजारात कोणी घेत नाही. ‘काका, अळंबीला कोंब फुटलेत की हो,’ असे शेजारच्या पोराने एकदा माझ्या खोलीत डोकावून म्हटले होते. तो दोष बियाण्याचा नव्हता, पिंजराचाही नव्हता. मी ओल वाचवण्यासाठी दोन दिवस पंखा बंद ठेवला होता, एवढेच.

संदेश लिहिणाऱ्याने बहुधा दोन वेगळे टप्पे एक केले आहेत. बेड भरल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे, जेव्हा बियाणे पिंजरात पसरत असते, तेव्हा पिशवी बंदच असते, आतल्या पिंजरात ६० ते ६५ टक्के ओल आधीच असते आणि जाळे कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सहन करते. त्या काळात खोली बंद राहिली तरी बिघडत नाही, आणि खोलीच्या आर्द्रतेची फारशी चिंताही करावी लागत नाही. पिशवी कापली, कळ्या धरू लागल्या, की दोन्ही गरजा एकदम उलटतात : ताजी हवाही हवी आणि ओलही हवी. एकीला कोंडून दुसरी मिळवता येत नाही, म्हणूनच तर येणारी हवा आधी ओली करून आत घ्यायची. खोलीत काम करणाऱ्या माणसाचाही इथे विचार व्हावा. धिंगरीच्या पिकलेल्या छत्र्या बीजाणू मोठ्या प्रमाणावर सोडतात, बंद खोलीत ते धुळीसारखे भरून राहतात, आणि रोज ते श्वासात गेले तर खोकला, ताप, दम यांचा त्रास सुरू होऊ शकतो. तोडणी छत्रीची कड वर वळण्यापूर्वी करावी, नाकाला फडके किंवा मास्क बांधावा आणि पंखा सुरू असताना आत जावे.

फवारणीचा प्रश्न थेंबाच्या आकाराचा आहे. पाठीवरच्या पंपातून पडणारे थेंब बहुधा १०० मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे असतात, आणि १०० मायक्रॉनचा थेंब तीन मीटर उंचीवरून दहा-अकरा सेकंदांत जमिनीवर येतो. तेवढ्या वेळात त्याचा थोडासाच भाग हवेत जातो, बाकीचा जमिनीवर, भिंतीवर आणि छत्र्यांवर बसतो. उलट १० मायक्रॉनचा थेंब तितकेच अंतर उतरायला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ घेईल, पण तो त्याच्या कितीतरी आधी वाफ होऊन नाहीसा होतो. हवा ओली करणे आणि वस्तू ओली करणे ही दोन निराळी कामे आहेत. ओल्या जमिनीवरूनही पाणी उडते, हे मान्य, पण परातीचाच हिशेब तिला लागू होतो, फक्त क्षेत्र मोठे असते. दुपारच्या कडक तासांत जमिनीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर पाणी शिंपडणे याला माझा विरोध नाही, मी तेही करतो. विरोध आहे तो ‘जमेल तितक्या वेळा’ बेडवर पंप मारण्याला. छत्रीवर पाण्याची पातळ फिल्म काही तास टिकली की तिच्यावर पिवळसर-तपकिरी डाग पडतात. हा जिवाणूंचा रोग आहे, तो पाण्याबरोबर एका छत्रीवरून दुसरीवर जातो आणि पुढच्या फवारणीने आणखी पसरतो. साचलेल्या पाण्यावर बारीक काळ्या माश्या येतात, त्या वेगळ्याच.

शेगडीबद्दल थोडक्यात. पाणी उकळल्याने वाफ निश्चित मिळते, परंतु १.३५ लीटर पाण्याची वाफ करायला जवळपास एक युनिट वीज लागते, आणि ती दर तासाला. उन्हाळ्यात ज्या खोलीतून उष्णता काढायची आहे तिच्यात आपण ती घालतो. शेगडी गॅसची किंवा कोळशाची असेल, तर तिच्या ज्वाळेतून कार्बन डायऑक्साइडही येतो, आणि झरोके बंद असताना कोळशाची शेगडी आत ठेवणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, जेव्हा खोली गरमही करायची असते, तेव्हा विजेच्या वाफेचा थोडा उपयोग होतो. इतर वेळी हा सल्ला बाजूला ठेवावा.

‘आर्द्रता जितकी जास्त तितके उत्पन्न जास्त’ हे वाक्य ऐकायला गोड आहे. पिकाच्या छत्रीतून थोडे-थोडे पाणी उडत राहणे हे तिच्या वाढीला आवश्यक असते, कारण त्या ओढीनेच पिंजरातले पाणी आणि त्याबरोबर अन्न वर येते. हवा पूर्ण भिजली की ही ओढ थांबते. कौलांच्या आतल्या बाजूने थेंब ओघळून बेडवर पडू लागतात आणि वर सांगितलेले डाग तिथूनच सुरू होतात. कळ्या धरताना ९० टक्क्यांच्या जवळ आणि छत्री मोठी होताना ८० ते ८५ टक्के, एवढ्या पट्ट्यात राहिले तर धिंगरी चांगली येते. तोडणीच्या आधी काही तास मी आर्द्रता मुद्दाम थोडी उतरू देतो. भिजलेली अळंबी वजनाला भरते खरी, पण टोपलीत रात्रभरात चिकट होते आणि दुसऱ्या दिवशी बेळगावच्या बाजारात व्यापाऱ्याचे बोट तिच्यावर पडताच भाव पडतो. पावसाळ्यात तर प्रश्नच उलटा असतो. तेव्हा यंत्र, पोती, पडदे सगळे बाजूला ठेवून नुसता पंखा जास्त वेळ चालवावा लागतो.

यंत्रे निरुपयोगी आहेत, हा निष्कर्षही मला पटत नाही, मात्र त्यामागची चीड मी समजू शकतो. टेबलावर ठेवायचा, दिवाणखान्यासाठी बनवलेला लहान ह्युमिडिफायर आणून तो या खोलीत लावला आणि आर्द्रता हलली नाही, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. यंत्र घेताना टाकीत किती लीटर मावते हे विचारून उपयोग नाही, तासाला किती मिलिलीटर पाणी हवेत सोडते हे विचारायचे. ध्वनिलहरींनी धुके करणाऱ्या यंत्रातली एक २० मिलिमीटरची चकती तासाला ३०० ते ४०० मिलिलीटर धुके काढते, म्हणजे माझ्या खोलीची सगळी गरज यंत्रानेच भागवायची तर किमान चार चकत्या लागतील. पडदा लावल्यावर दोनमध्ये भागते. ही यंत्रे पाण्यातले क्षारही हवेत उडवतात. आपल्याकडच्या अनेक बोअरचे पाणी जड आहे, त्याने छत्र्यांवर पांढरी भुकटी बसते आणि चकत्यांवर खवले धरतात. मी पावसाचे साठवलेले पाणी वापरतो आणि ते संपले की फिल्टरचे. धुके पंख्याच्या तोंडाशी न सोडता झरोक्याच्या आतल्या बाजूला सोडावे, नाहीतर आपण मोठ्या कष्टाने केलेले धुके अर्ध्या मिनिटात अंगणात जाते.

राहिला मापक. ‘विश्वास नसेल तर मापक लावून पाहा’ हे संदेशातले सर्वांत शहाणपणाचे वाक्य आहे, फक्त त्याआधी मापकाचीच परीक्षा घ्यायला हवी. घट्ट झाकणाच्या डब्यात एका बाटलीच्या टोपणात जेवणातले मीठ घ्यावे, त्यावर थोडेच पाणी घालून ते चिखलासारखे ओले करावे, वर पाणी साचू देऊ नये. शेजारी मापक ठेवून डबा बंद करावा आणि रात्रभर सावलीत राहू द्यावा. मिठाच्या अशा संपृक्त द्रावणावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्के असते, हे भौतिकशास्त्राने पक्के ठरवलेले आहे. सकाळी मापक ८३ दाखवत असेल, तर तो आठने जास्त सांगतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. घड्याळासारख्या काट्याचे मापक ८५ च्या पुढे तर फारच बेभरवशाचे होतात. त्यापेक्षा दोन साधे तापमापक घ्यावेत, एकाच्या फुग्याला ओली सुती वात गुंडाळावी आणि दोन्ही पंख्याच्या हवेत धरावेत. कोरडा २५ अंश दाखवत असताना ओला सव्वा अंशाने खाली असेल तर आर्द्रता ९० टक्क्यांच्या जवळ आहे. फरक नऊ अंशांच्या आसपास असेल तर ती ४० आहे, मग परातीत पाणी कितीही असो. मापक बेडच्या उंचीवर, धुक्यापासून आणि भिंतीपासून दूर टांगावा, आणि वाचन पहाटेचे न घेता दुपारी तीन वाजताचे घ्यावे.